टाचेतलं बी

"लाव," दिघे साहेब म्हणाले.

मी उजव्या पायताणाच्या टाचेला फोन टेकवला. मनात तीनपर्यंत मोजलं. फोन गप्प. मग उगाच डाव्यालाही लावून बघितला. डाव्यात काही घातलेलंच नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण समोर यल्लाप्पा मामा उभे होते आणि मला काहीतरी करत राहायचं होतं.

"पुढची."

पुढचीही गप्प. तिच्या पुढचीही. कोल्हापुरातला एप्रिल महिना, संस्थेच्या हॉलमध्ये घरघरणारे दोन पंखे, भिंतीला पाठ लावून बसलेले पन्नासएक कारागीर, आणि सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या मामांच्या चाळीस जोड्या. मी गुडघ्यांवर सरकत सरकत एकेका जोडीला फोन लावत होतो. पंधरा झाल्या, वीस झाल्या. एकही वाजली नाही.

वाजायला हवं होतं ते असं. संस्थेनं त्या वर्षी कारागिरांना टॅग वाटले होते. टॅग म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पातळ तुकडा, त्यात बारीक तारेचं वेटोळं आणि मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. त्याला ना बॅटरी ना वायर. पायताणाच्या तळाच्या दोन थरांमध्ये तो ठेवून शिवून टाकायचा. वरून फोन टेकवला की फोनमधून निघणाऱ्या लहरी कातड्यातून आत जातात, तो ठिपका जागा होतो, फोन टिंग करतो आणि पडद्यावर कारागिराचा फोटो, नाव, गाव आणि हिरव्या अक्षरांत 'अस्सल' असं येतं. रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून जगभर खपत होत्या, त्यावर हा उपाय. असा फोन तेव्हा आमच्या ऑफिसात एकच होता आणि तो माझ्या खिशात असायचा. तेवीस वर्षांचा होतो, इचलकरंजीहून डिप्लोमा करून आलेलो. तो फोन घेऊन मी सुभाषनगरात, कारागिरांच्या वस्तीत, असा फिरायचो की जणू मीच लावलाय त्याचा शोध.

मुंबईची एक कंपनी आमच्या जोड्या परदेशात नेणार होती. दिघे साहेब त्या कंपनीचे. त्यांची अट साधी होती. प्रत्येक जोडी वाजली पाहिजे. चाळिसात पाचापेक्षा जास्त मुक्या निघाल्या, तर त्या कारागिराचं नाव 'बनावट माल देणारे' या मथळ्याखाली संस्थेच्या दारातल्या फळ्यावर लागणार. मामांच्या आधी बजरंग व्हटकरची तपासणी झाली होती. त्याच्या चाळीसच्या चाळीस वाजल्या. हॉलभर टिंग टिंग चाललं होतं, आरती सुरू असल्यासारखं.

सव्विसाव्या जोडीला फोन वाजला.

"आलं, आलं!" मागून कोणीतरी म्हणालं. पडद्यावर फेटा बांधलेले मामा आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या हौसामामी. सत्तावीस वाजली. अठ्ठावीस वाजली. मला वाटलं, सुटलो. एकोणतिसावी पुन्हा गप्प, आणि मग शेवटपर्यंत गप्प.

दिघे साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस तसा वाईट नव्हता, आवाजही चढवत नसे. "चाळिसातल्या तीन. या तीन तरी तुमच्या आहेत म्हणायच्या," ते म्हणाले.

मामा वाकले. वाजलेल्या तिन्हीतली एक उचलली, टाचेवर नखानं टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि खाली ठेवली.

"न्हाई सायेब. ह्या तीन माज्या न्हवं."

दिघे साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"काय म्हणालात?"

"ह्या तीन हिनं पुऱ्या केल्यात. मला ताप हुता तवा. बाकीच्या समद्या माज्या हातच्या हाईत."

दिघे साहेबांनी गुळवणी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. "ऐकलंत? ज्या अस्सल निघाल्या त्या यांच्या नाहीत, आणि ज्या खोट्या निघाल्या त्या सगळ्या यांच्या. स्वतःच सांगतायत."

हॉलमध्ये हशा पिकला. बजरंगही हसला. मामांना हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं.

"संस्थेचे टॅग कुठं गेले, यल्लाप्पा?" दिघे साहेबांनी विचारलं. "कुणाला दिलेत? तिकडं कुठल्या तरी रेक्झिनच्या चपलेत तुमचा फोटो वाजत असणार आणि इथं आम्हाला मेलेले तुकडे."

"कुनाला देतोय सायेब? माज्या हातच्या हाईत. वास घिऊन बगा. बाभळीच्या सालीचं कातडं हाय."

"वासाचं राहू द्या."

आता मी बोलायला हवं होतं. मी मामांच्या घरी जाऊन बसलो होतो, त्यांच्या हातानं टॅग आत जाताना डोळ्यांनी बघितला होता. मी तोंड उघडलंही. "साहेब, मी स्वतः यांच्या घरी—"

"फोन बिघडलाय का?"

"नाही."

"बजरंगच्या चाळीस याच फोनवर वाजल्या ना?"

"हो."

"मग?"

मी गुडघे झाडत उभा राहिलो. मॅडमनी कसंबसं मधे पडून मुदत मागून घेतली. सोमवारी मामांनी नव्या पाच जोड्या आणायच्या. पाचही वाजल्या तर झालं गेलं विसरायचं, नाहीतर फळ्यावर नाव. तो दिवस शुक्रवार होता.

मामा जाताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "निशिकांत सायेब, तुमी तर बगितलंय की." एवढंच. रागानं नाही, आठवण करून द्यावी तसं.

खरं तर या योजनेत मामांना मीच ओढलं होतं. दोन महिन्यांपूर्वी टॅगचा डबा घेऊन त्यांच्या दारात गेलो तेव्हा सगळी गल्ली ठक ठक करत होती. मामा साठीचे, खांदे अजून भरदार, बोटं आरीनं भोसकून भोसकून टणक झालेली. मी फोनची जादू दाखवली. त्यांनी टॅग तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं हात हलवला.

"पूर्वी करकरीच्या पायतानात आमी विंचवाचं बी घालायचो, तळाच्या आत," ते म्हणाले. "चालताना करकर वाजायचं. पाटील येतोय ते आधी ऐकू यायचं. आता तुमचं हे बी."

तेव्हापासून आम्ही त्याला बीच म्हणायला लागलो. आणि मी फुशारकीत म्हणालो, "तुम्हाला काही वेगळं करायचं नाही मामा. नेहमी करता तसंच करा. फक्त हे आत ठेवा."

हे वाक्य माझं. कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगायला लावलं नव्हतं.

फोटोवरून मात्र त्यांनी हट्ट धरला. नियम एका टॅगला एक कारागीर, एक फोटो असा होता. मामा म्हणाले, "वेणी ही घालती. पट्ट्याची, अंगठ्याची, समदी वेणी हिची. नुसतं माजं त्वांड लावलं तर अर्धं पायतान कुनाचं म्हनायचं?" हौसामामी आतून ओरडल्या, "मला नगं बाई फोटू!" आणि पाच मिनिटांत नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. मी दोघांचा काढला आणि त्यांच्या टॅगच्या नोंदीत तोच चढवला. पुढं कधी कळलं तर बोलणी खाऊ म्हटलं.

मामांना वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा फोनवर तो फोटो उमटला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले. "चाळीस वरसं करतोय," ते म्हणाले. "शिक्का दुकानदाराचा. माज्या हातचं पायतान घालून मानूस माज्याच म्होरनं गेला तर त्याला म्हाईत नसायचं. आता लांब तिकडं कोन तरी फोन लावंल आनि आमी दोगं दिसू. व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मामींनी पाट दिला, पण चहाचं विचारलं नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आमाला चोर म्हनाला त्यो मानूस," त्या म्हणाल्या. "गल्लीत पानी भराय गेले तर बायका गप झाल्या. आनि तुमी तितं हुता."

"हो मामी. होतो."

"मग?"

पुन्हा तोच 'मग'. मी म्हणालो, "माझ्यासमोर एक जोडी करा. सुरुवातीपासून. प्रत्येक पायरीला फोन लावून बघू."

मामा कामाला लागले. टॅग हातात होता तेव्हा फोन लावला. टिंग. तळाच्या दोन थरांमध्ये, टाचेपाशी ठेवला. टिंग. कातड्याच्या वादीनं तळ शिवला, आरी जाते तिथं बी नाही ना हे बोटानं चाचपून चाचपून. शिवून झाल्यावर लावला. टिंग, आणि पडद्यावर दोघं. मामींनी डोकावून बघितलं आणि आपला राग विसरून हसल्या. "फेटा वाकडा हाय तुमचा," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

"म्हणजे तुमच्या हातून तर बरोबरच जातंय," मी म्हणालो. मला हुरूप आला होता. मी मॅडमना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो, की टॅगच खराब आले असणार, अमुक डबा सदोष असणार.

चहा आला. मी बशीत ओतला. मागं मामांनी तळाला पाणी मारलं, दगडावर ठेवला आणि पसरट तोंडाचा हातोडा उचलला. ठक. ठक. ठक. त्या गल्लीत हा आवाज मी इतका ऐकला होता की मला तो ऐकूच येत नसे. दोन घोट प्यायलो. मग बशी तशीच हातात राहिली.

"मामा, काय करताय?"

"कुटतोय की."

"रोज कुटता?"

"कुटल्याबिगर पायतान हुतंय व्हय?" त्यांनी हात थांबवला नाही. "दोन थर एकजीव व्हाय पायजेत. वादी कातड्यात बसाय पायजे. आवाज ऐका. आता कसा भदभद येतोय. असा येतोय तवर कच्चं. टनक आला की थांबायचं."

"टाचेवर पण?"

"टाचंवर तर जास्त. समदा भार तितंच येतोय."

मी ऐकत राहिलो. आवाज खरंच बदलत गेला. ओला, मग जड, मग कोरडा, आणि शेवटी दगडावर दगड आपटावा तसा. मामांनी हातोडा ठेवला, तळ पुसला आणि माझ्यापुढं धरला. मी फोन लावला. तीनपर्यंत मोजलं. दहापर्यंत मोजलं.

"मेलं व्हय बी?" मामांनी विचारलं.

मी मान डोलावली.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या आधी लक्षात आलं. "त्या तीन," त्या म्हणाल्या. "ह्यांना ताप हुता तवा म्या कुटलेल्या. माज्या हातात कुटला येवडा जोर? तशाच सोडल्या. उठल्यावर बोललेबी मला, कच्च्या राहिल्या म्हनून."

"आणि बजरंग?" मी विचारलं.

"बजरंग कुटत न्हाई," मामा म्हणाले. "सोलुशन लावतोय आनि यंत्राच्या रुळाखालनं काढतोय. लई झालं तर वरनं चार ठोकं."

शुक्रवारी हॉलमध्ये आम्ही काय तपासत होतो ते मला तेव्हा कळलं. जी जोडी जीव तोडून केली होती तिचं बी मेलं होतं. जी अर्धी कच्ची सोडली होती ती टिंग टिंग वाजत होती. आणि वाजलेल्या तीन माझ्या नव्हेत असं खरं सांगितलं, म्हणून आम्ही हसलो होतो त्या माणसाला.

दुपारपर्यंत आम्ही नाना प्रकार केले. थर आधी वेगवेगळे कुटून मग बी घालून शिवले. बादलीत बुडवून काढल्यावर तळ फुगला आणि कडेनं सुटला. बी वेणीत बसवून बघितलं. ते वेणीपेक्षा रुंद, बाहेर डोकावायला लागलं. टाच सोडून बाकीचं कुटलं, तर मामांनी तळ दुमडून दाखवला, टाचेशी फट. प्रत्येक वेळी मामा हातातली वस्तू बाजूला ठेवायचे आणि पुढची घ्यायचे. चिडले नाहीत. एकदाच म्हणाले, "तूच म्हनालतास, नेमी करतासा तसंच करा."

पहिल्यांदाच ते मला अरेतुरे करत होते. मला ते बरं वाटलं आणि वाईटही.

मी सायकल दामटत ऑफिसला गेलो. कारण सापडलं होतं, म्हणजे प्रश्न सुटला, असं मला त्या वयात वाटायचं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "मग त्यांना सांग, कुटू नका."

"पण मॅडम, मग जोडी टिकणार नाही."

"कुटलेली आणि न कुटलेली अशा दोन जोड्या शेजारी ठेवल्या, तर तुला ओळखता येतील?"

"नाही."

"गिऱ्हाईकाला?"

"नाही. पण सहा महिन्यांनी—"

"निशिकांत, बस." त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "दिघ्यांना हे सांगितलं की काय होईल माहितीये? ते म्हणतील, तुमचा टॅग कच्चा, तपासणी खोटी, योजना बंद. आठ हजार टॅग येऊन पडलेत. नव्वद घरं यात आहेत. त्यातली किती कुटतात?"

मी आठवून बघितलं. "आठ-दहा असतील. म्हातारी माणसं."

"मग आठ-दहा माणसांनी कुटायचं थांबवायचं की नव्वद घरांनी घरी बसायचं?"

मॅडमच पुढं म्हणाल्या, "माझे वडील यल्लाप्पाच्या वडिलांकडून जोडी करून घ्यायचे. मला कळत नाही असं समजू नकोस." आणि त्यांनी समोरची फाईल उघडली. मी बाहेर आलो.

रविवारी मला मामांना हे सांगायचं होतं. बोलताना मी तीनदा अडखळलो. सांगून झाल्यावर म्हणालो, "पाचच जोड्या मामा. फक्त पाच. सोमवार पार पडू दे, मग बघू."

"मग काय बगनार?"

"टॅग देणाऱ्या मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहीन," मी म्हणालो.

मामा हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिले. बोलल्या त्या मामी. "कुटू नका अवो. पाच जोड्यांनी काय हुतंय? फळ्यावर नाव लागलं तर पोरीच्या सासरी कळंल. तिचा दीर रोज त्या रस्त्यानं जातोय. वाईट पायतान केलं म्हनून कोन फळ्यावर लिवत न्हाई. चोर म्हनून लिवतील."

"व्हय," मामा म्हणाले.

"मग?"

"व्हय म्हनालो की."

त्यांनी हातोडा उचलून फळीवर ठेवला. त्या दुपारी त्यांनी माझ्यासमोर पाच जोड्या पुऱ्या केल्या. कातडं तेच, वादी तीच, मामींची वेणी तीच. शिवून झाल्यावर दर वेळी त्यांचा उजवा हात आपोआप दगडाकडं जायचा आणि परत यायचा. तेल लावलं. उन्हात मांडल्या. सुंदर दिसत होत्या. खरंच सांगतो, मला काहीच फरक दिसला नाही.

सोमवारी पाचही वाजल्या.

दिघे साहेबांनी स्वतः फोन लावला. टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग. पाच वेळा मामा-मामी पडद्यावर आले आणि पाच वेळा हिरवं 'अस्सल'. साहेबांनी मामांचा हात हातात घेतला. "बघा! मनापासून केलं की कसं निघतं अस्सल!" हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. बजरंगनंही वाजवल्या. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मामांनी मला विचारलं, "काय म्हनतोय फोन?"

"अस्सल म्हणतोय मामा."

"माजं नाव घितोय?"

"हो."

"आनि हिचा फोटू दावतोय?"

"हो मामा."

त्यांनी मान डोलावली. शुक्रवारच्या नापास सदतीस जोड्या दोन पोत्यांत बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, त्या परत न्यायला सांगितलं. मी एक पोतं उचललं, एक त्यांनी. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली त्यांनी पोतं टेकवलं.

"त्यो फोटू काढता येतोय का रं?" ते म्हणाले.

"कुठला?"

"टॅगातला. नाव ऱ्हाऊ दे. नाव कुनाचंबी असतंय. फोटू तेवडा काढ. माजा न्हाई निघाला तर हिचा तरी काढ."

"आता तो मला काढता येत नाही मामा. एकदा नोंद झाली की मुंबईचं ऑफिसच बदलू शकतं. मी अर्ज करतो."

"कर."

मी केला. दोनदा केला. उत्तर आलं नाही. टॅग कुटल्यावर मरतो, हेही लिहिलं. त्यालाही उत्तर आलं नाही. पाच जोड्यांच्या पन्नास झाल्या, पन्नासाच्या पाचशे. वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. शेवटचा गेलो तेव्हा गल्लीत ठक ठक जवळजवळ थांबली होती आणि मामांचा कुटण्याचा दगड मामींनी कपडे धुवायला अंगणात घेतला होता. त्या मला बघून लाजल्या आणि ओला परकर दगडावरून उचलून बादलीत टाकला.

पण त्या सोमवारचं राहिलंच. कडुनिंबाखाली मामांनी पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घालून एक जोडी शोधली आणि माझ्या पायांशी ठेवली. "तुज्या मापाची हाय. घाल."

मी घातली. तळ दगडासारखा होता.

"चार दिस चावंल. मग आयुष्यभर तरास न्हाई." मग पोतं खांद्यावर घेत म्हणाले, "फोन तेवडा लावू नगंस."

चार वर्षांनी पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. तोवर तसले फोन पुष्कळांकडं आले होते. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढं नवरीचे मामा उभे होते, सिल्कचा झब्बा, धोतर आणि पायांत कापशी घाटाची कोल्हापुरी. एकाएकी ते लंगडायला लागले. बघतो तर उजव्या पायताणाचा तळ टाचेपासून उघडून फटक फटक आपटत होता.

"सहा महिने झाले नाहीत घेऊन," ते भोवतालच्यांना सांगत होते. "परदेशातून मागवली भाच्यानं. म्हणे अस्सल. थांबा, दाखवतो." त्यांनी फोन काढून पायताणाला टेकवला. टिंग. "हे बघा. हे म्हातारा-म्हातारी. चेहरे बघा कसे गरीब दिसतात, आणि काम बघा!"

फोन हातोहात फिरला. सगळ्यांनी बघितलं, हसले. माझ्याकडं आला तेव्हा मीही बघितलं. फेटा वाकडाच होता. मामी कॅमेऱ्याकडं न बघता मामांकडं बघत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मला म्हणायचं होतं की ही माणसं मला माहीत आहेत. ही जोडी त्यांची आहे आणि त्यांची नाहीही. रांग पुढं सरकत होती, वाढपी हातात भात घेऊन थांबला होता. मी फोन परत दिला.

"तुमची बरी टिकलीये," ते माझ्या पायांकडं बघत म्हणाले. "कुठली हो?" आणि मी पाय मागं घ्यायच्या आत ते वाकले आणि त्यांनी माझ्या टाचेला फोन टेकवला. सगळे कान देऊन थांबले. त्यांनी पुन्हा टेकवला.

"अहो, तुमची तर डुप्लिकेट निघाली!"

पुन्हा हशा पिकला. मीही हसलो.